पाटावर बसलेले दोन भाऊ

आबा,

भाऊबीज होऊन आठ दिवस झाले आणि जळोचीच्या घरात अजून कुणी माझ्याशी मोकळेपणानं बोलत नाही. वहिनी वेळेवर चहा देते, पण समोर बसून पीत नाही. धाकटा पेपर वाचून झाला की घडी घालून माझ्या शेजारच्या खुर्चीवर ठेवतो, हातात देत नाही. आणि त्याची पोरगी, मी कॅनडाहून आले त्या दिवसापासून आत्या आत्या करत माझ्याच पांघरुणात शिरायची, ती आता सकाळी निघताना आईला तेवढं “येते” म्हणते आणि स्कूटी काढते. हे घर तुम्ही पाहिलं नाहीत. तुम्ही गेल्यावर धाकट्यानं इंदापूरकडचं थोडं रान विकलं आणि इथं बांधलं. चांगलं बांधलंय, हवेशीर आहे. मला वरची खोली दिली आहे. खिडकीतून अजून थोडा ऊस दिसतो, त्याच्या पलीकडे नव्या इमारती. इथं बसून तुम्हाला लिहिते आहे, कारण या घरात जे झालं ते ऐकून सगळ्यात आधी तुम्ही मला रागावला असता, आणि मला वाटतं या वेळी मी तुम्हाला पूर्ण ऐकायला लावलं असतं.

तुम्ही मला बारामतीला सिस्टरांच्या शाळेत घातलंत तेव्हा भावकी हसली होती. मावशीकडे राहायचं, शनिवारी गावी यायचं आणि सोमवारी पहाटे दुधाच्या टेम्पोतून परत. कॅनच्या मधे पोतं टाकून तुम्ही मला बसवायचात. पोचेपर्यंत फ्रॉकला दुधाचा वास लागायचा, आणि वर्गातल्या डॉक्टरांच्या, वकिलांच्या मुली नाक मुरडायच्या. एक सिस्टर होत्या, गोव्याकडच्या. त्यांनी एकदा मला बाजूला घेऊन स्वतःच्या रुमालानं बाही पुसली आणि म्हणाल्या, हा वास वाईट नाही, शिळा झाला की वाईट. पुढे मी दुधाच्याच शिक्षणाला गेले त्याची सुरुवात तिथं झाली असेल का, माहीत नाही. लोक तुम्हाला विचारायचे, पोरीवर एवढा पैसा कशाला घालता, जायची ती परक्याच्या घरी. तुम्ही टोपी सारखी करत म्हणायचात, “तिचं शिक्षान ह्योच तिचा सातबारा. जाईल तितं तिच्यासंगं जाईल. कुणाच्या बापाला खोडता यायचा न्हाय.” मी दाराआड उभी राहून हे ऐकलेलं आहे. तेव्हा माझ्या अंगावर मूठभर मांस चढायचं.

आणखी एक दिवस आठवतो. भाऊबीजच होती. मी तेरा-चौदा वर्षांची, धाकटा पाटावर बसलाय, आई चुलीपुढं करंज्या तळतेय आणि तिथूनच मला सांगतेय, आधी कुंकू लाव, मग अक्षता. मी ओवाळते. धाकटा ताटात नोट घालतो, तुम्हीच त्याच्या मुठीत दिलेली, आणि मी ती उचलून उजेडाकडे धरते, किती रुपयांची ते बघायला. लगेच तुमचा आवाज आला. “ठेव ती खाली. ओवाळनी कुनी बघती व्हय? भावानं घातलं ते डोळं झाकून घ्यायचं. उद्या कोरा कागुद घातला तरी घ्यायचा.” आईनं झारा हातात धरूनच मागं बघितलं होतं. तुम्ही मला मारलं नाहीत, कधीच मारलं नाहीत. पण मला एवढी लाज वाटली की मी त्या दिवशी करंजी खाल्ली नाही. त्यानंतर आजपर्यंत मी ताटात काय पडलं ते तिथल्या तिथं कधी पाहिलेलं नाही.

एमआयडीसीतल्या डेअरीत मी जवळजवळ वीस वर्षं काढली. लॅबची प्रमुख झाले. तुम्ही एकदा आला होतात, आठवतं? गेटवरच्या माणसाला म्हणालात, “मॅडमचा बाप हाय मी.” त्यानं तुम्हाला खुर्ची दिली आणि तुम्ही बसला नाहीत, उभ्यानंच माझं केबिन काचेतून बघितलंत. नंतर यांची कंपनी बंद पडली, मुलगा दहावीला होता, आणि कॅनडाला जायचं चक्र सुरू झालं. त्या देशात शिरायला गुण लागतात. वय, शिक्षण, अनुभव, इंग्रजी, सगळ्याचे गुण. यांचे कमी पडत होते, माझे भरले. माझ्या पदवीचे, माझ्या लॅबच्या वर्षांचे, सिस्टरांच्या इंग्रजीचे. आम्ही तिघं माझ्या जोरावर त्या देशात गेलो, हे मी कुणापुढं कधी बोलून दाखवलं नाही, पण तुम्हाला कळलं होतं. गावात तुम्ही पेढे वाटलेत.

निघायच्या आधी तुम्ही मला इंदापूरला घेऊन गेलात. म्हणालात, वाटपाचं उरकून टाकू, तिकडनं सहीला कुठं येत बसणार तू. हक्कसोडीचा कागद होता. रानातला माझा वाटा मी भावाच्या नावे सोडते, माझी काही तक्रार नाही, असं. गावातल्या सगळ्या मुली करतात, मीही केली. त्या ऑफिसात गर्दी होती, शाई हाताला लागली होती, आणि मी सही करताना तुम्ही समोरच्या कारकुनाला कौतुकानं सांगत होतात, “बघा, इंग्रजीत करतीया.” तो हसला. बाहेर येऊन स्टँडजवळ तुम्ही मला भजी खायला घातलीत आणि दुकानात नेऊन पोपटी साडी घेतलीत. माझा तेव्हा ऊर भरून आला होता. मला आता तोच दिवस सगळ्यात जास्त टोचतो. तुम्ही मला एक सातबारा दिला होतात म्हणून दुसरा सोडायला लावलात, आणि जो दिलात तो त्या देशात पोचल्यावर कुणी वाचायलाच तयार नव्हतं.

हे मी तुम्हाला फोनवर सांगितलं नाही. तुम्ही विचारायचात, “काम बरं हाय न्हवं?” मी म्हणायचे, बरं आहे. पहिल्या वर्षात मी किती डेअऱ्यांमध्ये अर्ज केले ते आता आठवत नाही. जिथं बोलावलं तिथं सगळे गोड बोलायचे. तुमचं इंग्रजी किती छान आहे, असं प्रत्येक ठिकाणी म्हणाले, जणू मी ते विमानात शिकून आले होते. मग विचारायचे, इथला अनुभव आहे का? मी म्हणायचे, दूध तेच आहे, जंतू तेच आहेत, तपासण्याही त्याच. ते मान हलवायचे आणि कळवतो म्हणायचे. नव्या लोकांना नोकरी शोधून द्यायला एक सरकारी ऑफिस होतं. तिथली बाई मनानं फार चांगली होती. तिनं माझा अर्ज वाचला आणि हळूच म्हणाली, यातली पदवी काढून टाक, मागची वर्षंही काढ, म्हणजे पॅकिंगचं काम तरी मिळेल. शेजारी बसून तिनं स्वतः ते खोडायला मदत केली. आबा, ज्या पदवीवर त्यांनी मला दारातून आत घेतलं ती आत आल्यावर त्यांनीच खोडायला लावली. कुणाच्या बापाला खोडता यायची नाही असं तुम्ही म्हणाला होतात.

गोदामात खोकी चिकटवली, हॉटेलात चादरी बदलल्या. हेही इंजिनिअर असून कुणाच्या तरी गाड्या धुवायचे. मग एका गणपतीला, तिथल्या मंडळाच्या हॉलमध्ये, एक जण भेटला. माझ्यापेक्षा सहा-सात वर्षांनी लहान. त्याचा पनीर आणि दह्याचा कारखाना होता.

“कुठल्या तुमी?”

“इंदापूर. सासर बारामती.”

“आयला, मग आपल्याच की. मी निमगावकडचा. ताईच झाल्या तुमी माझ्या.” तिथल्या तिथं वाकून पाया पडला. इतक्या दूर ती बोली ऐकून माझ्या डोळ्यांत पाणी आलं, आणि ते त्यानं पाहिलं.

त्याचं दही त्या दिवसांत तार धरत होतं, चमच्याला चिकट लोंबायचं. दुकानं माल परत पाठवत होती. मी आठवड्यात ते बसवलं. विरजण वेगळं ठेवायची जागा बदलली, टाक्या धुवायची रीत बदलली, काही फार मोठं नव्हतं. तो म्हणाला, “ताई, कागदावं सध्या हेल्पर लावतो, हितल्या नियमाचं लई झंझट असतंय. पन लॅब तुमची. तुमी म्हनाल ती पूर्व.” मी मागून कागद घेतला नाही. आपल्याकडं दूध संस्थेत, सोसायटीत, सगळं शब्दावर चाललेलं मी लहानपणापासून पाहिलेलं. तुमच्या एका शब्दावर माणसं वर्ष वर्ष थांबलेली पाहिली. आपल्या भागातल्या माणसाकडं कागद मागणं म्हणजे त्याच्या तोंडावर अविश्वास दाखवणं, हे मला कुणी शिकवलं नव्हतं, ते अंगातच होतं.

त्या वर्षी भाऊबीजेला त्यानं आम्हाला घरी बोलावलं. बहीण इकडं गावी, तिकडं ओवाळायला कुणी नाही, म्हणून पाटावर बसला. मी ओवाळलं. त्यानं साडी दिली आणि ताटात पाकीट घातलं. पाकीट मी तिथं उघडलं नाही. पुढं दर वर्षी तेच. लॅबचं सगळं मी बघत होते, तपासनीस आले की मी बोलत होते, फोनवर गोऱ्या गिऱ्हाइकांच्या तक्रारी माझ्या इंग्रजीनं मिटत होत्या, आणि तासाचा पगार खोकी चिकटवणाऱ्या मुलींचा होता. तीन-चार वर्षांनी मी एकदा धीर करून विषय काढला. तो दुखावल्यासारखा झाला. “ताई, भनीनं भावाला मागायचं नसतं. भाऊ देतोच की. कदी इसरलो का?” खरंच विसरला नव्हता. पाकीट दर वर्षी थोडं जाड होत होतं. पण पगाराच्या चिठ्ठीवर मी हेल्परच होते, आणि दुसरीकडे अर्ज करायचा तर दाखवायला तीच चिठ्ठी होती. ज्या ‘इथल्या अनुभवा’साठी मी तिथं राहिले तो अनुभव त्यानं माझ्या नावावर लागूच दिला नाही.

शेवटी लॅबला पदवीधर प्रमुख असलाच पाहिजे असा नियम आला तेव्हा त्यानं नुकताच कॉलेजातून बाहेर पडलेला एक मुलगा आणला. मला म्हणाला, ताई, पोराला जरा शिकवा. मी शिकवलं. मुलगा सरळ होता. महिन्याभरानं त्यानं मला विचारलं, हे काम तुम्हाला का दिलं नाही? मी म्हणाले, तो माझा भाऊ आहे. मुलाला वाटलं सख्खा भाऊ. मी निवृत्त झाले तेव्हा निरोपाला केक होता, आणि त्यावर लिहिलं होतं ‘आमची ताई’.

आता भाऊबीजेचं सांगते. यंदा मी दिवाळीला इथं, आणि तो कारखानेवालाही गावी आलेला. धाकट्याला त्याचं फार कौतुक. त्यानं आधीच फोन करून ठेवला होता की तुम्ही आमच्याकडंच ओवाळून घ्यायला या. मला वाटलं एवढंच. हॉलमध्ये दोन पाट मांडले, पोरीनं रांगोळी काढली, वहिनीनं अनारसे केले. तो आला, मिठाईचे बॉक्स, गाडीत ड्रायव्हर. दोघं पाटावर शेजारी शेजारी बसले, सख्खा आणि मानलेला. मी ताट घेतलं, निरांजन लावलं, आणि तेवढ्यात धाकटा म्हणाला, “आक्का, आज दुप्पट गोड हाय बरं का. पोरीचं ठरलं.”

“कशाचं?”

“अगं, ह्यांच्याकडं कॅनडाला. तुज्याच लॅबमंदी.”

तो हसत म्हणाला, “ताईनं सांभाळली, आता भाची सांभाळंल. घरचं मानूस पायजे हो लॅबला, बाहेरची पोरं टिकत न्हाईत.”

पोरगी दारात उभी होती. तिचा चेहरा मी आबा तुम्हाला कसा सांगू. दुधाचीच पदवी घेतली आहे तिनं, माझ्यामुळं घेतली असं म्हणते. एमआयडीसीत एका प्लांटवर चांगल्या जागेवर आहे. धाकट्यानं तिला राजीनामा लिहून ठेवायला सांगितला होता, सोमवारी द्यायचा होता. कागद काही झाला आहे का, असं वहिनीनंच विचारलं. धाकटा म्हणाला, “तुला काय कळतंय. ह्यांचा शब्द हाय.”

माझ्या हातात ताट होतं. मी विचारलं, “हिला पगार देणार का ओवाळणी?”

कुणाला पटकन कळलं नाही. मग तो मोठ्यानं हसला. “ताई आज लई मजेत हाईत.”

“मजा नाही. हिच्या कागदावर काय लिहिणार ते सांगा. केमिस्ट का हेल्पर?”

“ताई, तितला नियम तुमाला म्हाईत हाय. पैल्यांदा समदे हेल्परच असत्यात.”

“मी शेवटपर्यंत होते.”

तो धाकट्याकडं बघायला लागला. धाकटा माझ्याकडं बघेना. वहिनी आत गेली. तो हळू म्हणाला, “तुमाला कदी कमी केलं का ओ मी? भनीसारखं केलं.” मी म्हणाले, “बहिणीसारखंच केलंत.” मग धाकटा म्हणाला, “आक्का, निरांजन इजंल. ओवाळ आधी.” आणि मी ओवाळलं. दोघांनाही. पाटावर बसलेल्या माणसाला तसंच उठवणं मला जमलं नाही. दोघांनी ताटात पाकिटं घातली. तो अनारसा न खाता गेला.

गाडी वळल्याबरोबर धाकटा सुरू झाला. “घरी आलेल्या मानसाला कुनी आसं इचारतं व्हय? तुजं झालं सगळं, घर झालं, पोरगं लागलं मार्गाला. पोरीच्याच टायमाला बरं सुचलं.” पोरगी संध्याकाळी वर आली, या खोलीत. खिडकीशी उभी राहिली.

“आत्या, तू लॅब हेड नव्हतीस?”

“काम तेच होतं.”

“मग आम्हाला कधी सांगितलं का नाहीस?”

“कुणी विचारलं नाही गं. तुम्ही सगळे काम बरं आहे का विचारायचात. बरं होतं.”

“तू गेलीस, घर घेतलंस, दादाला शिकवलंस. आणि मला म्हणतेस जाऊ नको.”

“जाऊ नको नाही म्हणाले. तुझं काम तुझ्या नावावर घेऊन जा म्हणाले. कागद माग.”

“असं मागून मिळत असतं तर तुला मिळालं नसतं?”

तिनं मात्र कारखानेवाल्याला मेसेज करून कागद मागितला. कामाचं नाव, तासाचा पगार, सगळं लिहून द्या म्हणाली. माझ्यापेक्षा हिमतीची आहे. त्यानं हात जोडल्याचं चित्र पाठवलं आणि लिहिलं, बेटा, घरच्या माणसात कागद नसतो. दोन दिवसांनी धाकट्याला फोन आला की यंदाचं जमत नाही, माळेगावकडची एक मुलगी ठरली आहे. त्या मुलीचे आईवडील कोण, मला माहीत नाही. तिनं कागद मागितला नसणार.

त्या दिवसापासून हे असं आहे. पोरीनं राजीनामा दिला नाही, रोज कामावर जाते. काल मी तिला डबा द्यायला खाली गेले तर म्हणाली, राहू दे आत्या, कॅन्टीन आहे. धाकट्याला वाटतं मी पोरीचं नशीब मोडलं. वहिनी मनातून माझ्या बाजूची आहे असं मला वाटतं, पण तिनं तसं बोलून दाखवलेलं नाही. मावशीच्या सुनेनं तर फोनवर कौतुक केलं, म्हणाली, भाचीसाठी केवढं धाडस केलंत. मी हो म्हणाले.

हे पत्र घडी घालून मी बॅगेत कपड्यांखाली ठेवीन. धाकट्याच्या हाती लागू नये एवढंच. तुम्हाला तेवढं एक सांगायचं राहिलं. पगार का ओवाळणी, हा प्रश्न मी पोरीसाठी विचारला असं सगळे धरून चाललेत. ती दारात उभी होती हे मला विचारून झाल्यावर आठवलं. आणि त्या मानलेल्या भावालाही मी एकट्याला विचारला नव्हता. पाटावर दोघं बसले होते, आबा, आणि मी बोलले तेव्हा धाकट्याकडं बघत होते. तो अगदी तुमच्यासारखा दिसायला लागला आहे.